करडी अक्षरं

तिनं दोन अक्षरं टाइप केली आणि उरलेला शब्द तिच्या आधीच तिथं येऊन उभा राहिला. फिकट करड्या अक्षरांत, जरासा वाकून. गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आत दुकानातला नोकर बरणीकडे हात नेतो तसा. तिची बोटं कीबोर्डवर होती तिथंच थांबली. चूक काहीच नव्हती. शब्द बरोबर होता, तिला तोच लिहायचा होता. तरी गळ्याच्या खळीत, जिथं शब्द अडला की गाठ बसते, तिथं नेमकी ती गाठ बसली. आणि ती तर तोंडानं एक अक्षरही बोलत नव्हती. मागून कॉम्प्युटर शिकवणारे सर आले. सर तिच्यापेक्षा चांगले दहा-बारा वर्षांनी लहान, कोणावर न रागावण्याचा पगार घेतल्यासारखे. ते म्हणाले, "बघितलंत ना मॅडम, तुम्ही नुसती सुरुवात करायची. बाकीचं तो बघतो." मग आवाज खाली आणून, कानाजवळ वाकून, आजाऱ्याच्या उशाशी बोलावं तसं म्हणाले, "तुम्हाला तर याचा फारच उपयोग होईल." खोलीतल्या कोणीही मान वळवली नाही. सगळे आपापल्या स्क्रीनमध्ये इतके गढून गेले की सगळ्यांनी ऐकलंय याबद्दल शंकाच उरली नाही.

ती तोतरी होती. हे एकदा सरळ सांगून टाकलेलं बरं, कारण तिच्या आसपासचे लोक हे कधीच सरळ सांगत नसत. 'जरा अडखळते', 'जरा शांत स्वभावाची आहे' असं म्हणत, आणि 'जरा' या शब्दावर इतकं वजन टाकत की बिचारा शब्द चेपून जाई. पार्सलं पोचवणाऱ्या या कंपनीत ती तळमजल्यावर पॅकिंगला होती. तिथं तिला सगळे 'पट्टी' म्हणत. खोक्यांना चिकटपट्टी लावण्यात तिचा हात कोणी धरू शकत नसे हे एक कारण, आणि दुसरं कारण तिच्यासमोर कोणी बोलून दाखवत नसे. नाव तिला आवडलं नव्हतं, पण नावडलंही नव्हतं. अंगावर आलेल्या इतर गोष्टींसारखं तेही तिनं वापरायला काढलं होतं. बोलणाऱ्यांचे तिनं मनाशी प्रकार पाडले होते. पहिले घाईचे: यांना तुमच्या वाक्याशी काही देणंघेणं नसतं, ते तुमचा शब्द पुरा करतात तो रस्त्यात आडवं आलेलं मांजर हुसकावं तसा. दुसरे हुशार: यांना कोडं सुटल्याचा आनंद होतो, आणि तुम्ही 'नाही, तो शब्द नाही' अशी मान हलवलीत तर ते दुसरा देतात, तिसरा देतात, शेवटी तुमच्यावरच रुसतात. आणि तिसरे दयाळू. घाईच्यांशी भांडता येतं, हुशारांना हरवता येतं, पण दयाळू माणसापुढं माणूस अगदी निराधार होतो. तो तुमच्या तोंडचा घास काढून घेतो आणि वर तुमचे ओठ पुसतो.

त्यामुळं तिच्या आयुष्यात अशा बऱ्याच वस्तू जमल्या होत्या, ज्या तिनं कधी मागितल्याच नव्हत्या. दाराशी टांगलेला तो तपकिरी रेनकोट. तिला हवा होता हिरवा, पण 'हि' ओठांशी धापा टाकत असताना दुकानदारानं तपकिरी काढून घडीसुद्धा मोडली होती, आणि मोडलेल्या घडीपुढं तिनं मान डोलावली होती. त्या रेनकोटात ती पाच-सहा पावसाळे हिंडली. चष्म्याची जाड काळी फ्रेम तशीच. केस कापणारीनं एकदा 'आणखी बारीक?' असं विचारलं, तिचा 'नको' निघेपर्यंत कात्री कानाशी पोचली होती. मान डोलावणं सोपं असतं. मानेत अक्षरं नसतात. आणि सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे ही नोकरी. भरतीच्या दिवशी टेबलामागच्या माणसानं विचारलं होतं, कुठल्या विभागात जाणार. तिला जायचं होतं पत्त्यांच्या विभागात. वरच्या मजल्यावर तेव्हा एक अरुंद खोली होती. तिच्या भिंतींवर नकाशे होते, दोन बायका टेबलावरच्या दिव्याखाली चुकीच्या, अर्धवट, पावसात पसरलेल्या पत्त्यांची पार्सलं घेऊन बसायच्या आणि ती कुणाची असतील याचा छडा लावायच्या. अर्ज द्यायला आली तेव्हा दार उघडं होतं, तिनं ती खोली पाहिली आणि पाहताच ती तिला स्वतःची वाटली. ती म्हणाली, "प..." आणि थांबली. समोरचा म्हणाला, "पॅकिंग? बरं." तो वाईट माणूस नव्हता. तिच्यामागं रांग होती. तिनं मान डोलावली. तेवढ्या एका डोलावण्यावर तिची ऐन उमेदीची सगळी वर्षं खाली चिकटपट्टीत गेली, आणि आता कंपनीनं ती अरुंद खोली पाडून तिथं कॉम्प्युटर लावले होते, पत्त्यांचा छडा प्रोग्रॅम लिहून लावायचं ठरवलं होतं, आणि खालच्या माणसांतली मोजकी माणसं शिकायला वर बोलावली होती. तिनं अर्ज लिहून दिला होता. लिहिताना ती कधीच अडखळत नसे. कोर्स संपताना परीक्षा, आधी प्रोग्रॅम आणि मग साहेबांपुढं तोंडी. पास होतील ते वरच राहणार. होणार नाहीत ते परत खाली, आणि त्यांचं नाव पुन्हा निघणार नाही, असं नोटीस बोर्डावर लिहिलेलं होतं.

पहिल्या आठवड्यात मात्र वर्गात कोणी प्रोग्रॅम लिहिलाच नाही. सगळे एडिटर निवडत होते. कोड ज्यात लिहायचा ती चौकट म्हणजे एडिटर, एवढं सरांनी सांगितलं. मग ती चौकट कोणती घ्यावी यावर जी चर्चा झाली ती मुलीला स्थळ बघतानाही होत नाही. खाली पार्सलं तोलणारा एक जण होता, त्याला सगळे 'वजनकाटा' म्हणत. त्यानं आपल्या स्क्रीनचा रंग रोज बदलला: आधी काळा, मग जांभळा, मग समुद्रासारखा. शेवटी त्यानं असा एक रंग निवडला की त्यात अक्षरंच दिसेनात, पण तो म्हणाला, डोळ्यांना गार वाटतं. बिल फाडणारीनं जाहीर केलं की तिच्या नणंदेच्या ऑफिसात दुसराच वापरतात आणि तो जास्त चांगला आहे. कसा ते नणंदेनं सांगितलं नव्हतं. सरांचं मत ठरलेलं होतं. मोठा, भरलेला, सगळ्या सोयींचा एडिटर, कंपनीनं सगळ्या मशीनवर बसवलेला. तो चुकांखाली लाल रेघा मारायचा, कंस आपणच बंद करायचा आणि शब्द आपणच पुरे करायचा. घरी भाचीचं मत अगदी उलट. भाची याच धंद्यातली, दिवसभर हेच करणारी. ती म्हणाली, मावशी, तू असलं काही घेऊ नकोस, हे बघ, खरे लोक हे वापरतात. आणि तिनं एक कुळकुळीत काळी चौकट उघडून दिली, जिच्यात माउस चालत नव्हता आणि साधं अक्षर लिहायलाही आधी परवानगीचं बटण दाबावं लागत होतं. दुसऱ्या दिवशी ती एकटीच तिच्यात शिरली आणि तिला बाहेर येता येईना. जे दाबावं त्यानं काहीतरी वेगळंच व्हायचं. शेवटी तिनं मशीनचं बटणच बंद केलं आणि तशीच थोडा वेळ हसत बसली. त्या काळ्या चौकटीचा तिला राग आला नाही. कोणाला आत घ्यायचं नाही असं ठरवलेलं घर निदान स्वतःच्या मनानं वागत असतं.

या सगळ्यात ताईचं मत कोणी विचारलं नव्हतं, पण ताईला मत द्यायला कधी विचारावं लागलं नाही. ताई म्हणजे तिची थोरली बहीण. मेव्हणे गेल्यापासून दोघी एकत्रच राहत, वरच्या खोलीत भाची. ताई दयाळूंमधली नव्हती, घाईची नव्हती, हुशारांतली तर नव्हतीच; ताईला वेगळा रकाना करावा लागला असता. ताई तिचे शब्द पुरे करायची आणि ते बरोबर असायचे. दुकानात, दवाखान्यात, पाहुण्यांत; ती तोंड उघडायची आणि ताई तिच्या मनातलं तिच्याच शब्दांत, तिच्याच सुरात बोलून मोकळी व्हायची. लहानपणी शाळेतल्या एका मुलानं तिची नक्कल केली, तेव्हा ताईनं मधल्या सुट्टीत त्याला नळापाशी गाठून असं काही ऐकवलं होतं की तो पुढं आयुष्यभर बाजूच्या गल्लीनं जायचा. हे सगळं खरं होतं. आणि तरीही कधीकधी, खिडकीशी उभी राहून काही ठरवत असताना, तिला एक वेगळीच भीती वाटायची: हे जे मला वाटतंय ते मला वाटतंय, की ताई आता म्हणेल म्हणून वाटतंय? माणसानं तुमचं वाक्य चुकीचं पुरं केलं तर निदान तुमचं काय होतं ते तुमच्यापाशी राहतं. बरोबर पुरं केलं तर काहीच उरत नाही. करड्या अक्षरांपुढं बोटं थबकली होती ती यामुळंच, हे तिला बसमधून घरी येताना कळलं, आणि उतरायचा थांबा मागं गेला.

मग ती पाकिटांची गोष्ट घडली. सराव म्हणून सरांनी सोपं काहीतरी दिलं होतं: दिवसाकाठी किती पाकिटं पाठवली आणि त्यातली किती परत आली, हे प्रोग्रॅमनं सांगायचं. तिनं आकड्यांना नावं दिली. रोमन लिपीत लिहायची असली तरी नावं मराठीच ठेवली, 'पाठवलेली' आणि 'परत'. शेवटच्या ओळीत 'परत' लिहायला तिनं पहिली दोन अक्षरं टाइप केली, त्याखाली सूचनांची छोटी खिडकी उघडली, तिकडे लक्ष न देता तिनं उरलेली अक्षरं लिहायच्या आधी नुसता श्वास घेतला आणि चुकून एन्टर दाबला. ओळ खाली सरकली नाही. त्या एडिटरच्या लेखी एन्टरचा अर्थ होता 'हो, हेच'. खिडकीत वर उभा असलेला 'पाठवलेली' टुणकन ओळीत येऊन बसला, आणि तिनं प्रोग्रॅम चालवला, तेव्हा समोरच्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसलं की त्या दिवशी कंपनीनं पाठवलेलं एकूण एक पाकीट परत आलं आहे. वजनकाटा म्हणाला, धंदाच बंद करा मग. सगळे हसले. सरही हसले, आणि लगेच दयाळूपणानं थांबले. तीही हसली. पण एन्टरच्या बटणाकडं ती बघत राहिली. किती ओळखीचं होतं ते. दुकानदारापुढं, केस कापणारीच्या खुर्चीत, भरतीच्या टेबलापुढं तिनं जे केलं होतं त्याचंच हे बटण केलं होतं कुणीतरी, आणि चांगलं मोठं केलं होतं, करंगळीला सापडेल असं.

तिनं शब्द पुरे करण्याची ती सोय बंद केली. सेटिंगमध्ये कुठं असते ते भाचीनं दाखवलं होतं. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर सोय चालू. तिनं पुन्हा बंद केली. सर फिरत फिरत आले आणि म्हणाले, मॅडम, काल तुमचं काहीतरी बंद पडलं होतं, मी चालू करून ठेवलं. तिनं मान डोलावली आणि त्याच क्षणी स्वतःच्या मानेचा तिला असा संताप आला की कान तापले. हे असंच चालत राहिलं. ती बंद करायची, सर चालू करायचे, दोघंही अत्यंत सभ्यपणे. शेवटी एका सकाळी तिनं तो मोठा एडिटर उघडलाच नाही. मशीनमध्ये आधीपासून एक फडतूस प्रोग्रॅम होता, फोन नंबर वगैरे टिपून ठेवायचा. त्याला कोणी एडिटर म्हणत नसे, एखाद्या घरात जुन्या स्टुलाला जसं कोणी फर्निचर म्हणत नाही. तो तिनं उघडला. पांढरी चौकट. वर डाव्या कोपऱ्यात कर्सर. रंग नाहीत, लाल रेघा नाहीत, ओळींना आकडे नाहीत. तिनं 'प' साठीचं अक्षर दाबलं. चौकट काही बोलली नाही. कर्सर लुकलुकला, थांबला, लुकलुकला. तिनं मुद्दाम हात मांडीवर घेतले. तो तसाच लुकलुकत राहिला. त्यात घाई नव्हती, कोडं सुटल्याचा आनंद नव्हता आणि दया तर अजिबात नव्हती. ती कितीतरी वेळ नुसती बघत बसली. मग तिनं लिहायला घेतलं आणि सगळी नावं 'प'वरून ठेवली: पाकीट, पत्ता, पेठ, पिशवी, परतीचा पत्ता. ज्या अक्षरापुढं ती उभ्या जन्मात रखडली होती, ज्याला टाळायला ती 'पाणी'ऐवजी 'प्यायला'ही म्हणू शकत नव्हती म्हणून 'तहान लागलीय' म्हणायची, त्या अक्षराच्या तिनं रांगाच्या रांगा उभ्या केल्या. बोटं तोतरी नव्हती.

चुका मात्र भरपूर झाल्या, हेही लिहायला हवं. मोठा एडिटर जो कंस आपण बंद करायचा तो आता ती विसरायची, आणि प्रोग्रॅम कुठल्याशा ओळीपाशी आडवा पडायचा. वजनकाट्याचा प्रोग्रॅम न दिसणाऱ्या अक्षरांत का होईना चालायचा, बिल फाडणारीचा चालायचा, आणि ती कंस शोधत बसलेली असायची. बिल फाडणारी एकदा मायेनं म्हणाली, अगं पट्टी, गिरणी असताना जात्यावर कशाला दळतेस. यावर तिच्याकडं चांगलं उत्तर होतं, पण ते 'ग'वरून सुरू होत होतं, आणि तोवर बिल फाडणारी चहाला गेली होती. हळूहळू तिला कंस दिसू लागले. मग कंस विसरण्याआधीच बोटाला चुटपुट लागू लागली. आपली चूक आपल्याला सापडणं यात एक विलक्षण चव असते आणि ती तिला नव्यानं लागली होती.

परीक्षा जवळ आली तेव्हा सरांनी सांगितलं की परीक्षेत सगळ्यांनी कंपनीचाच एडिटर वापरायचा. मग तिच्याजवळ खुर्ची ओढून बसले. बराच वेळ ते बोलत होते; की तिची प्रगती चांगली आहे, की परीक्षेला वेळ मर्यादित असतो, की उगाच हातचं सोडण्यात अर्थ नाही. ती नाही म्हणाली. मानेनं नाही, तोंडानं. आणि तो 'नाही' बाहेर यायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात सरांनी दोन वेळा 'बरोबर?' म्हणून घेतलं.

"मॅडम, मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

"म... मला ठाऊक आहे."

"मग?"

"त... तरीही नाही."

नियम असा कुठं लिहिलेला नव्हता, हे सरांनी प्रामाणिकपणानं कबूल केलं. पण त्या कोऱ्या चौकटीत लिहिलेला प्रोग्रॅम ऐन वेळी चालला नाही तर ते मध्ये पडणार नाहीत, इशारा देणार नाहीत, साहेबांना एका शब्दानं सांगणार नाहीत. त्यांना वाटलं ही धमकी झाली. तिच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते बघून ते जरा गोंधळले, आणि खुर्ची जागेवर न ठेवताच गेले.

घरी आली तर ताई खुशीत होती. ताई खुशीत असली की भांडी घासताना आवाज कमी होतो. तिनं ताटं मांडली, आणि ताईनं सहज, भाजीत मीठ घातल्यासारखं सांगितलं की तिनं आज साहेबांच्या ऑफिसात फोन केला होता. माणूस चांगला वाटला. ताईनं त्याला सगळं नीट समजावलं, की आमची धाकटी हुशार आहे, लिहिण्यात तर पहिली येईल, फक्त तोंडी घेऊ नका. तो म्हणाला, ठीक आहे, बघतो. "आता तुला काही काळजी नाही," ताई म्हणाली. "नुसतं लिहायचं आणि यायचं." ताटातला घास तिच्या हातात तसाच राहिला. रागाच्या आधी तिच्या आत जे सुटलं ते खरं तर सैलपण होतं, गार, सुखाचं. तोंडी नाही. टेबलापलीकडचे चेहरे नाहीत. तिच्या मनात अगदी हेच होतं. कितीतरी दिवस हेच होतं, आणि ताईनं ते नेहमीसारखं बरोबर ओळखून बरोबर पुरं केलं होतं. त्या सुखाला ती घाबरली. हातातला घास तिनं ताटात परत ठेवला.

"फोन क... कर परत."

"कुणाला?"

"स... सा..."

"साहेबांना? कशाला, झालंय सगळं—"

तिनं हात उचलला. ताईच्या तोंडापुढं नाही, नुसता मध्ये, ताटांच्या वर, रस्त्यावर गाडी थांबवतात तसा. आयुष्यात ताईपुढं तिनं असा हात कधी केला नव्हता. ताई थांबली. बराच वेळ लागला. "साहेबांना," ती म्हणाली. "पण तू नको. म... मी करते." ताईचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. इतकी वर्षं जिचं तोंड म्हणून राबले तिनं आपल्याला रजा दिली, असं काहीसं त्यावर होतं. आणि ते बघवत नव्हतं, आणि ती बघत राहिली. ताई एवढंच म्हणाली, की तुला कळतंय ना तू कशावर पाणी सोडतेयस. मग उठून तिनं आपलं ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं खालच्या मजल्यावरूनच वर फोन लावला. समोर कोणी नसताना नुसत्या आवाजाशी बोलणं हे तिच्या लेखी सगळ्यात वाईट. तिथं चेहरा नसतो, हात नसतात, आणि गप्प बसलं की पलीकडच्याला वाटतं कोणी नाहीच. तसंच झालं. साहेबांच्या मदतनीस बाई 'हॅलो, हॅलो' म्हणाल्या आणि ठेवला. तिनं पुन्हा लावला, बाईंनी पुन्हा ठेवला. पुन्हा लावला तेव्हा बाई खवळून म्हणाल्या, कोण चावट माणूस आहे रे. आणि तिला ऐन वेळी हसू आलं, आणि हसण्याच्या मागून, उघड्या राहिलेल्या फटीतून यावं तसं, वाक्य बाहेर आलं. तुकड्यातुकड्यांनी आलं, पण सगळं आलं. तोंडी घ्या. माझी तोंडी सगळ्यांसारखी घ्या. मग बाई म्हणाल्या, सांगते. फोन ठेवला तेव्हा तिचा ब्लाउज पाठीला चिकटला होता आणि पॅकिंगच्या बायका आपापल्या डब्यांत भयंकर लक्ष घालून जेवत होत्या.

परीक्षेला आलेलं काम पत्त्यांचंच होतं. पाकिटांवरचे पत्ते दिलेले. काही पुरे, काही अर्धवट, गावाचं नाव मध्येच तुटलेलं, घराचा नंबर गेलेला. पुरे कुठले आणि अर्धवट कुठले ते ओळखायचं, आणि अर्धवटांचं काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. खोलीत कीबोर्ड वाजू लागले. शेजारी वजनकाट्याच्या स्क्रीनवर करडे शब्द भराभर उगवत होते आणि तो ते भराभर स्वीकारत होता. तिनं पांढरी चौकट उघडली आणि प्रत्येक अक्षर आपल्या हातानं लिहिलं. मध्येच एकदा प्रोग्रॅम आडवा पडला. सर तिच्यामागं उभे होते, त्यांना चूक दिसलेली आहे हे तिला त्यांच्या श्वासावरून कळलं. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, मग आपला शब्द आठवून मिटलं. तिला तो कंस सापडायला फार वेळ लागला. बाकीचे उठून गेले. सापडला तेव्हा तिनं तो बंद केला, आणि प्रोग्रॅम चालला. इतरांच्या प्रोग्रॅमनी अर्धवट पत्ते अंदाजानं पुरे करून टाकले होते. तिचा प्रोग्रॅम तसं करत नव्हता. तो अर्धवट पाकिटं बाजूला काढत होता आणि त्यांच्यापुढं एकच ओळ छापत होता: पाठवणाऱ्याला विचारा.

तोंडीसाठी आत बोलावलं तेव्हा टेबलापलीकडं तिघं होते, साहेब मध्ये, सर एका बाजूला, मदतनीस बाई दुसऱ्या बाजूला. बाईंनी तिच्याकडं जरा निरखून पाहिलं. फोनवरचा चावट माणूस असा दिसतो तर. साहेबांनी कागद पुढं ओढला. म्हणाले, प्रोग्रॅम चांगला आहे, स्वच्छ आहे, पण एक कळलं नाही. बाकी सगळ्यांनी अंदाज करून पत्ते भरले. तुम्ही का नाही भरले?

"क..." ती म्हणाली, आणि अडली.

खोलीत तो ओळखीचा क्षण आला. तिघंही जरासे पुढं वाकले. साहेब म्हणाले, "कठीण गेलं?" तिनं मान हलवली. सर म्हणाले, "कमी वेळ होता, हो ना?" तिनं मान हलवली. बाई म्हणाल्या, "कळलं नव्हतं का काय करायचं ते?" तिनं मान हलवली. आयुष्यभर वरखाली चाललेली ती मान अशी आडवी जाताना तिला स्वतःलाच करकरल्यासारखी वाटली. तिघांचे शब्द संपले. ते संपेपर्यंत ती बघत राहिली, कोऱ्या चौकटीत कर्सर बघावा तशी.

"कारण," ती म्हणाली, "अंदाज च... चुकला..."

साहेबांच्या चेहऱ्यावर दया आली. ती येताना तिला दिसली, पायऱ्या चढत येणाऱ्या पाहुण्यासारखी. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, कागदावर हात ठेवला आणि मोठ्या मनानं म्हणाले, "कळलं, कळलं. उगाच त्रास घेऊ नका. तुम्ही पास आहात. सोमवारपासून वर या." सरांचा चेहरा उजळला. बाई पुढचं नाव बघू लागल्या. नकाशांची ती अरुंद खोली, जिच्याजागी आता कॉम्प्युटरची खोली होती, तिच्या पदरात येऊन पडली होती. आता नुसती मान डोलावायची आणि उठायचं. तिच्या मानेत ते डोलावणं तयारही झालं. करडं, फिकट, जरासं वाकून उभं.

ती उठली नाही.

"म... माझं," ती म्हणाली, "व्हायचंय अजून."

साहेबांनी सरांकडं पाहिलं. सर तिच्याकडं बघत होते, आणि त्यांच्या ओठांवर आलेलं काहीतरी त्यांनी गिळलं. तिच्या मनात पुरं वाक्य होतं: अंदाज चुकला की पाकीट परक्या दारात जातं, आणि पाकीट काही बोलू शकत नाही. 'पाकीट'ऐवजी 'सामान' म्हणता आलं असतं. 'स' त्या मानानं बरा असतो. 'वस्तू' म्हटलं असतं तरी चाललं असतं. टाळायचे सगळे रस्ते तिला पाठ होते, तिनंच पाडलेले होते. तिनं खुर्ची जरा पुढं घेतली, हात टेबलावर ठेवले आणि वाक्य मुळापासून पुन्हा सुरू केलं. 'अंदाज' आला. 'चुकला' आला. मग 'पाकीट'चा प ओठांवर आला आणि घट्ट बसला. तिनं तो बसू दिला. बाहेर कोणीतरी कीबोर्ड बडवत होतं. टेबलापलीकडं साहेबांनी टोपण लावलेलं पेन खाली ठेवलं आणि हात मांडीवर घेतले.